मर्जीवर न सोडलेली माया

कोल्हापुरात ‘थोरला दवाखाना’ एवढंच म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही, थेट सीपीआरच्या दारात आणून सोडतो. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय हे या दवाखान्याचं आजचं नाव. संस्थानाच्या काळात तो आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखला जाई. त्याच काळात, १९१९ च्या सुरुवातीला, राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वैद्यकीय खात्यासाठी एक हुकूम काढला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येणाऱ्या रुग्णांशी खात्यातल्या प्रत्येकानं आपुलकीनं आणि आदरानं वागावं, मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्यात जसं वागतात तसं वागावं, असं त्यात बजावलं होतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि अशांना पेन्शन मिळणार नाही, असंही त्यात होतं.

माया करा असं सांगणारे संत महाराष्ट्रानं शतकानुशतकं ऐकले. पण मायेला नोकरीची अट करणारा, तिला मुदत घालणारा आणि तिच्याशी पेन्शन जोडणारा हा हुकूम वाचला की थक्क व्हायला होतं. आजारी माणसाला मिळणारी वागणूक समोरच्याच्या मर्जीवर, संस्कारांवर किंवा जातीच्या अहंकारावर सोडायची नाही, ती कामाचाच भाग करायची, असा निर्णय एका राजानं घेतला होता.

त्यानं नमुना म्हणून दाखवलेलं मिरज कोल्हापूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथलं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू केलं आणि तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, एलिझाबेथ फॉस्टर या प्रशिक्षित नर्सच्या हाताखाली तिथं परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. रुग्णाला कसं धरायचं, जखम कशी झाकायची, काय उकळून घ्यायचं, कोणती नोंद कधी करायची हे रोजच्या रोज, एकाच पद्धतीनं शिकवलं जाऊ लागलं. सेवाभाव घरून आणता येतो. हे सगळं मात्र शिकावंच लागतं.

आज कोल्हापूर जिल्ह्यात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला गेलेली मुलगी जी शिस्त शिकते तिच्या पोटात हाच विचार आहे. बाहेरून ती शिस्त रुक्ष वाटते: पुन्हा पुन्हा हात धुणं, पुन्हा पुन्हा नाव विचारणं, मोजणं, लिहिणं, वाचून दाखवणं. पण यातल्या एकेका कृतीमागे काय दडलंय ते पाहत गेलं की ती किती विलक्षण आहे ते कळतं.

हातावरचं अदृश्य

सुरुवात हातांपासून करू. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वरानं मरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होतं. हे शहरभर माहीत होतं. आपल्याला पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून बायका हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर कारण शोधत होता. शवविच्छेदन करताना सुरी लागून त्याचा एक सहकारी दगावला, आणि त्याची लक्षणं बाळंतिणींच्या आजारासारखीच निघाली. सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला: शवविच्छेदनाच्या खोलीतून तसेच बाळंतिणींकडे येणारे डॉक्टरांचेच हात मरण घेऊन येत होते. सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या, म्हणून त्यांच्या विभागातल्या बायका वाचत होत्या.

मे महिन्यात त्यानं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा दोनाच्या आसपास आला. त्या वेळी जंतूंचा सिद्धांत अजून प्रस्थापित झालेला नव्हता. काय धुतलं जातंय हे धुणाऱ्यालाही माहीत नव्हतं, तरी बायका जगत होत्या. सेमेलवाइसचं म्हणणं त्याच्या बरोबरीच्या अनेक डॉक्टरांनी मानलं नाही आणि १८६५ मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. ज्यांनी मानलं नाही त्यांचे हात मात्र तसेच चालत राहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉ. कृष्णाबाई केळवकर स्त्रियांवर उपचार करत होत्या. शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी परदेशात जाऊन पुढचं शिक्षण घेतलं होतं. तोवर जगात हात धुण्याचं शास्त्र पक्कं झालं होतं. पण शास्त्र पक्कं झालं म्हणून सवय पक्की होत नाही, ती आजही रोज घडवावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त किंवा शरीरातल्या इतर द्रवाशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. पाचवा क्षण सगळ्यांत चकवणारा. रुग्णाला स्पर्शच केला नाही, फक्त खाटेचा दांडा धरला, लॉकर सरकवला, सलाईनचा स्टँड हलवला, तरी हात धुवायचे. कारण त्या वस्तूंवर रुग्णाच्या अंगावरचे जंतू आधीच राहायला आलेले असतात. साबण-पाण्यानं धुवायचं तर ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलचं द्रावण चोळायचं तर २० ते ३० सेकंद. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या सर्वांत जास्त सुटतात, आणि नेमकी हीच बोटं सुई धरतात, जखम झाकतात, तान्ह्या बाळाच्या तोंडाला लागतात.

हातमोजे घातले की हात धुवावे लागत नाहीत, हा समज सर्वत्र आढळतो. मोज्याला डोळ्यांना न दिसणारं भोक असू शकतं, काढताना मनगटाला घाण लागू शकते, आणि एका रुग्णाचा मोजा दुसऱ्याला लावला तर तो उघड्या हाताइतकाच घातक. म्हणून मोजा घालण्याआधीही हात स्वच्छ करायचे आणि काढल्यावरही. कोपरापासून खाली अंगठी, घड्याळ, बांगड्या नकोत हा नियमही याच कारणानं आला. आपल्याकडच्या विवाहितेला रिकाम्या हातांनी ड्युटीवर जाणं सोपं नसतं. घरातली मोठी माणसं बोलतात, शेजारीण विचारते. तरी ती बांगड्या पर्समध्ये ठेवते, कारण बांगडीखालच्या त्वचेपर्यंत साबण पोहोचत नाही.

वॉर्डातले पाटील

कोल्हापूरच्या कुठल्याही मोठ्या वॉर्डात उभं राहून ‘पाटील’ अशी हाक मारली तर एकापेक्षा जास्त माना वळतील. त्यात दोघांचं पहिलं नावही एकच असू शकतं, आणि एखाद्या वेळी गावही. ऐकू कमी येणारे, गुंगीत असलेले, घाबरलेले लोक ‘तुम्ही पाटीलच ना?’ या प्रश्नाला हमखास ‘होय’ म्हणतात. सिस्टरला दुखावू नये, वेळ घेऊ नये, एवढाच भाव त्यात असतो. म्हणून शिकवलं जातं की उत्तर प्रश्नातच ठेवून विचारायचं नाही. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं, रुग्णाला बोलू द्यायचं, आणि ते केस पेपरवरच्या नावाशी व नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचं. खाटेचा नंबर ही ओळख मानायची नाही, कारण खाटा बदलतात.

आपल्याकडच्या बाळांची गोष्ट तर आणखी वेगळी. बारसं बाराव्या दिवशी, त्यामुळे प्रसूती विभागातल्या बाळांना नावच नसतं. ती सगळी आईच्या नावानं ओळखली जातात. आवळी-जावळी असतील तर पहिलं आणि दुसरं. म्हणून प्रसूतीगृहातून हलण्याआधीच आई आणि बाळ दोघांच्या अंगावर एकसारखी माहिती असलेली पट्टी बांधली जाते आणि बाळ आईजवळ देताना प्रत्येक वेळी ती दोन्हीकडे वाचली जाते. अजून ज्याला नाव नाही त्या जिवाची ओळख एका पट्टीवर टिकून असते.

हीच काळजी रक्त चढवताना टोकाला जाते. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रक्तगट शोधेपर्यंत रक्त देणं म्हणजे जुगार होता: कोणी वाचे, कोणी पाहता पाहता मरे. आज रक्तपिशवी आली की दोघी जणी मिळून रुग्णाच्या खाटेजवळच पिशवीवरचा क्रमांक, गट, मुदत आणि रुग्णाची ओळख मोठ्यानं वाचून ताडतात. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं सर्वांत जोखमीची, म्हणून त्या वेळात सिस्टर तिथून हलत नाही. थंडी वाजली, कंबर दुखली, अंगावर पित्त उठलं तर त्याच क्षणी रक्त बंद. चुकीच्या गटाचं काही मिलिलिटर रक्तसुद्धा जीव घेऊ शकतं, आणि ते लवकर थांबवलं तर माणूस वाचू शकतो.

लाल टोपी, केशरी टोपी

औषध देताना पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही हे घडाघडा म्हणून दाखवते. पण या पाच शब्दांत किती सापळे आहेत ते इन्शुलिनसारख्या रोजच्या औषधातही दिसतं.

भारतात इन्शुलिन दोन तीव्रतांत मिळतं. एका प्रकारात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी टोपीची. दिसायला दोन्ही सारख्याच बारीक. आता समजा, डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत. घाईत लाल टोपीची सिरिंज उचलली आणि शंभराच्या बाटलीतून वीसच्या खुणेपर्यंत औषध भरलं. सिरिंजवर वीसच दिसतात, पण आत अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट भरलेले असतात. अडीचपट! रक्तातली साखर कोसळली, घाम फुटला, शुद्ध हरपली, तर घरच्यांना वाटतं आजार वाढला. इथं कोणाचा हेतू वाईट नव्हता, आकडाही बरोबर वाचला होता. टोपीचा रंग तेवढा पाहिला नव्हता.

लिहिण्यातही असाच धोका. इंग्रजीत युनिटसाठी नुसतं ‘यू’ हे अक्षर लिहिलं आणि ते घाईत थोडं मिटलं की शून्यासारखं दिसतं. दहाचे शंभर होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितलं तर ते लिहून घ्यायचं आणि जसंच्या तसं परत वाचून दाखवायचं. नावानं सारखी, खोक्यानं सारखी औषधं एकाच खणात शेजारी ठेवायची नाहीत. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र इंजेक्शन पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ते इतर औषधांत मिसळू न देता वेगळं आणि ठळक खूण करून ठेवायचं.

या शिस्तीचा सर्वांत मोठा शत्रू मात्र अज्ञान नसतो. तो असतो, ‘सिस्टर, जरा हिकडं बघा की!’ सिडनीच्या दोन रुग्णालयांत जोआना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांना औषधं देताना प्रत्यक्ष पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देण्याच्या मध्ये आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. माणसाचं मन हातातलं काम सोडून दुसरीकडे वळलं की परत येताना नेमकं कुठं होतो ते चुकतं. कधी एक पायरी गळते, कधी तीच पुन्हा होते. हा कुणाचा आळस म्हणता येणार नाही. मेंदूचा स्वभावच असा आहे, आणि औषधाचे नियम तो स्वभाव ओळखून बांधले आहेत.

तीस, तीन आणि शून्य पूर्णांक तीन

इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईवर टोपण परत बसवू नये, हा नियम ऐकायला विचित्र वाटतो. टोपण बसवणं सुरक्षित नाही का? प्रत्यक्षात टोपणात सुई घालतानाच ती दुसऱ्या हाताच्या बोटात शिरते. अशी सुई कोणाच्या रक्ताची आहे यावर पुढचं ठरतं. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि सुई लागलेल्या व्यक्तीनं लस घेतलेली नसेल तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हिपॅटायटिस सी असेल तर शंभरात तीनच्या आसपास आणि एचआयव्ही असेल तर हजारात तीन. ज्याला समाज सर्वांत जास्त घाबरतो तो एचआयव्ही या यादीत सर्वांत खाली आहे, आणि ज्याच्यावर उत्तम लस उपलब्ध आहे तो हिपॅटायटिस बी सर्वांत वर.

सुई लागलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत मिळाली तर उत्तम, ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच हवीत, आणि ती २८ दिवस घ्यायची. ओरडा बसेल, कामावरून काढतील या भीतीनं गप्प बसलेली नर्स ते मोलाचे तास गमावते.

वापरलेली सुई कुठं पडते याचंही शास्त्र आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया-ब्लेड टोचल्यानं न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्यात. सुई पिवळ्या पिशवीत टाकली तर टाकणाऱ्या हाताला काहीच होत नाही. ती टोचते तासाभरानं पिशवी उचलणाऱ्या मावशीला किंवा सफाई कामगाराला, ज्यांचं नाव टाकणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं. न दिसणाऱ्या माणसाची काळजी घेणं किती अवघड असतं! पांढरा डबा ते सोपं करतो.

थांबा म्हणण्याचा हक्क

ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालण्याआधी सिस्टर मॉप, गॉज आणि हत्यारं मोजते. आधी मोजलेले आणि नंतर मोजलेले जुळले नाहीत तर सर्जन कितीही ज्येष्ठ असो, पोट बंद होत नाही. रक्तात भिजलेला गॉज आतड्यांच्या गुंतवळीत डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही. म्हणून त्यात एक्स-रेवर दिसणारा धागाही विणलेला असतो. तरीही पहिला पहारा त्या मोजण्याचाच.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासयादी आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी काही साधे प्रश्न मोठ्यानं विचारायचे, इतकंच त्यात आहे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. एक कागद आणि मोठ्यानं बोलण्याची सक्ती होती. तिच्यातली एक पायरी तर अशी की छेद घेण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढं काही खटकलं तर बोलायला कचरत नाही.

आपल्याकडे मोठ्यांसमोर बोलू नये ही शिकवण खोलवर आहे. डॉक्टर मोठे, सिस्टर लहान, विद्यार्थिनी त्याहून लहान. सुरक्षित वर्तनाची शिस्त इथं या शिकवणीला छेद देते. बोलायचं कसं याचाही साचा तिनं दिला आहे, आणि तो आला आहे अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांतून: आत्ता काय घडतंय, मागे काय झालंय, मला काय वाटतं आणि आता काय करायला हवं, या क्रमानं. ‘सर, पेशंट जरा बरा वाटत नाही’ असं सांगितलं तर समोरचा उठेलच असं नाही. ‘सर, सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाची नाडी १३० आहे, बीपी ८० वर आलंय, मला आतून रक्तस्राव वाटतो, तुम्ही लगेच या’ असं सांगितलं तर तो धावत येतो. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णाची माहिती सोपवण्याचा, म्हणजे ‘ओव्हर’ देण्याचा, क्रमही हाच, आणि तो शक्यतो रुग्णाच्या खाटेशीच उभं राहून.

दोन तासांची कूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर त्याचंच वजन दाबत असतं. त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब फारच थोडा असतो. बाहेरचा दाब त्याहून वाढला की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी मरायला लागतात. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो म्हणून वाचतो. ज्याला ते जमत नाही त्याची कूस दुसऱ्या कुणीतरी बदलावी लागते, साधारण दर दोन तासांनी, मध्यरात्रीसुद्धा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तिथंच अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सांभाळणाऱ्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं अशा मुली त्यांना भरवू लागल्या, पुसू लागल्या, कुशीवर वळवू लागल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा तोवरच्या ३७ वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाला नव्हता, याची न्यायालयानं कौतुकानं दखल घेतली. एका माणसाचं प्रेम इतकी वर्षं पुरलं नसतं. एका ड्युटीनं दुसऱ्या ड्युटीच्या हाती दिलेलं प्रेम पुरलं.

सांगायचं आणि न सांगायचं

दवाखान्यात बोलणं जितकं महत्त्वाचं तितकंच न बोलणं. कोल्हापुरासारख्या भागात रुग्णाच्या गावचं, पै-पाहुण्यातलं कुणी ना कुणी वॉर्डात भेटतंच. ‘काय झालंय ओ पावण्यांना?’ हा प्रश्न काळजीपोटीच येतो. पण रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचं उत्तर देण्याचा अधिकार सिस्टरला नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्यानंच ही गुप्तता बांधून दिली आहे. मोबाईलवर टाकलेला वॉर्डातला एक हसरा फोटो, मागच्या खाटेवरचा एक चेहरा, आणि एखाद्या घराचं गावात वावरणं अवघड होतं.

मात्र स्वतःची चूक झाकण्यासाठी गप्प बसणं या गुप्ततेत बसत नाही. चुकीची मात्रा गेली असं लक्षात आल्याबरोबर रुग्णाकडे जायचं, डॉक्टरांना सांगायचं, नोंद करायची. ‘टू एर इज ह्युमन’ या १९९९ च्या अमेरिकन अहवालानं त्या देशात दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं रुग्णालयांतल्या चुकांनी मरत असावीत असा अंदाज मांडला आणि जग हादरलं. त्या अहवालाचा रोख माणसांवर नव्हता. चुकीला वाट कुठून मिळाली ते शोधा, असं तो सांगत होता. दोन सारख्या बाटल्या शेजारी होत्या का? एकटीकडे किती रुग्ण होते? लिंडा एकिन यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास मांडला. एका नर्सवर सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती.

हा आकडा नीट ध्यानात ठेवायला हवा. शिस्त मोडल्याबद्दल नर्सला जाब विचारता येतो, राज्याची परिचर्या परिषद तिचं नाव नोंदवहीतून काढूही शकते, आणि २०२३ मध्ये संसदेनं परिचर्या व प्रसूतिविद्येसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदाही मंजूर केला. हे सगळं हवंच. पण दोघींचं काम एकटीवर टाकून तिच्याकडून पाच क्षणांचं हात धुणं, दोन तासांची कूस आणि नीट ताडून दिलेलं औषध मागता येत नाही. शाहू महाराजांनी वागणुकीची अट घातली ती आपल्या पगारी खात्याला. अट घालणाऱ्यानं साधनं पुरवणं हे त्यात गृहीत होतं.

आपलाही यात वाटा आहे. औषधांचा ट्रे घेऊन चाललेल्या सिस्टरला हाक मारण्याआधी थांबता येतं. तिनं तिसऱ्यांदा नाव विचारलं तर वैतागायचं कारण नाही. पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, पुन्हा सांगावं. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते तिनं विचारायची वाट पाहू नये. खाटेवर गर्दी करून बसू नये, येताना-जाताना हात धुवावेत, आणि तिनं धुतले नसतील तर ‘सिस्टर, हात धुता का आधी?’ असं शांतपणे विचारावं. चांगली नर्स त्याचा राग मानत नाही. आणि दवाखान्याच्या कारभाराबद्दल बोलायची वेळ आली की मोठ्या यंत्रांच्या आधी वॉर्डात किती सिस्टर आहेत, नळाला पाणी आहे का, साबण आहे का, हे विचारावं. कारण आपल्या माणसाचा जीव रात्री तीन वाजता याच गोष्टींच्या भरवशावर असतो.